मुंबई–नागपूर, सोबत लेकरं आणि आई: तिकीट बजेटचं काढावं की फुल सर्व्हिसचं?

डोंबिवलीकर बाबा

मे महिन्यात नागपूरला भाचीचं लग्न आहे. आम्ही दोघं, सात वर्षांचा मुलगा, दीड वर्षाची मुलगी आणि माझी आई. आईचे दोन्ही गुडघे धरलेले आहेत, शिवाय मधुमेह. विमान जेमतेम दीड तासाचं. घरात एकमत होईना म्हणून इथे मांडतोय, पण माझं मत पक्कं आहे. एकट्यादुकट्याने खुशाल स्वस्तातलं तिकीट काढावं. लेकरं आणि म्हातारं माणूस सोबत असेल तर फुल सर्व्हिसच घ्यावी, म्हणजे खाणं तिकिटातच असलेली.

काल रात्री हिशेब मांडला. तिकिटामागे फरक नऊशेच्या आसपास. धाकटी मांडीवर, म्हणजे सीटा चार. एका बाजूचे ३,६०० झाले. आता स्वस्तवाल्यांकडे सीटा निवडायला माणशी तीनशे आणि खाणं आधी बुक केलं तर माणशी चारशे धरा. २,८०० तिथेच गेले. उरले ८००. एवढ्यासाठी मी आईचे हाल का करू?

खाण्याचं मला फार वाटतं ते आईमुळे. समोर कुणी ट्रे आणून ठेवला तर ती मुकाट्याने खाते. तेच विकत घ्यायचं म्हटलं की किंमत विचारते आणि "मला भूकच नाही" म्हणते. मग उतरेपर्यंत तिची साखर खाली आलेली असते आणि सामानाच्या पट्ट्यापाशी ती भिंत धरून उभी राहते. मुलगा म्हणून मला ते बघवत नाही.

दोन लेकरांची आई

दादा, तुमचा हिशेबच मला पटत नाही. सीटांचे पैसे भरताच कशाला? एप्रिल २०२४ मध्ये डीजीसीएने, म्हणजे विमान कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी खात्याने, सगळ्या कंपन्यांना बजावलंय की एकाच पीएनआरवर (बुकिंग नंबरवर) असतील तर बारा वर्षांपर्यंतच्या मुलाला आई किंवा वडिलांच्या शेजारची सीट द्यायचीच. वेब चेक-इन करताना पैशांच्या सीटा आधी दाखवतात म्हणून माणूस घाबरून भरतो. मी एक पैसा भरत नाही, मुलगा माझ्या शेजारीच असतो.

आणि खाणं? दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गुळाच्या पोळ्या घ्या. घरचा कोरडा डबा नेण्यावर काही बंदी नाही. लोणचं तेवढं हातातल्या पिशवीत ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडवतात. डबा उघडला की आई खाणारच, त्याची किंमत कोण विचारतंय? म्हणजे तुमचे ३,६०० पूर्ण वाचले, जाऊन-येऊन ७,२००. लग्नघरी आहेर करायला कामी येतील.

डोंबिवलीकर बाबा

ताई, नियम लेकरांसाठी आहे. मुलगा बायकोशेजारी बसेल, धाकटी तिच्या मांडीवर. आई कुठे बसणार? सत्ताविसाव्या रांगेत मधल्या सीटवर, दोन अनोळखी माणसांच्या मध्ये. तिला पट्टा लावता येत नाही, बाथरूमला जायचं तर दुसऱ्याला उठवायला ती संकोचते. म्हणजे निदान दोन सीटा विकत घ्याव्याच लागतील. डब्याचा मुद्दा मात्र घेतला.

सानपाड्याचे काका

तुम्ही ज्या फुल सर्व्हिसबद्दल बोलताय ती राहिली आहे का, हे आधी बघा. किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट एप्रिल २०१९ मध्ये. विस्तारा नोव्हेंबर २०२४ मध्ये एअर इंडियात विलीन झाली. आता देशांतर्गत मार्गांवर मोठी म्हणावी अशी फुल सर्व्हिस कंपनी एकच उरली. तिथेही सगळ्यात स्वस्त भाड्यावर सामान १५ किलोच, पूर्वी २० किलो असायचं. इंडिगोतही १५ किलोच. आवडीची सीट हवी तर त्या भाड्यात इथेही बहुधा पैसे मोजावे लागतात. मग फुल काय राहिलं? एक ट्रे. तुमचे ९०० रुपये त्या ट्रेचे आहेत, एवढं समजून द्या.

उलट बाजूही सांगतो. स्वस्त म्हणजे सगळे सारखे नव्हेत. एअर इंडिया एक्स्प्रेसचं एक भाडं असं आहे की त्यात चेक-इनचं सामानच नाही, फक्त हातातलं. भाच्याने ते न वाचता काढलं आणि लग्नाच्या बॅगांचे पैसे वेगळे भरले. कंपनीचं नाव बघण्याआधी भाड्याचा प्रकार वाचा.

रॅम्पवरची

मी बरीच वर्षं विमानतळावर ग्राउंड स्टाफमध्ये होते, कंपनीचं नाव सांगत नाही. या चर्चेत सगळे ट्रे आणि सीट यांवरच बोलताहेत म्हणून लिहावंसं वाटलं.

छोट्या मार्गावरचं विमान दिवसभर फेऱ्या मारत असतं. उतरलं की अर्ध्या-पाऊण तासात पुन्हा उडवायचं असतं. सकाळी एका ठिकाणी वीस मिनिटं गेली की ती पुढच्या प्रत्येक फेरीत साचत जातात आणि संध्याकाळी तुम्हाला "इनकमिंग एअरक्राफ्ट लेट" असं ऐकवलं जातं. पहाटेचं पहिलं विमान बहुतेक वेळा रात्रभर तिथेच उभं असतं, त्यामुळे ते सहसा वेळेवर निघतं. संध्याकाळी सातचं फुल सर्व्हिस आणि सकाळी सहाचं बजेट यांत निवडायचं असेल, आणि सोबत मधुमेही आई आणि दीड वर्षाचं बाळ असेल, तर मी डोळे मिटून सकाळचं घेईन. गेटवर तीन तास बसल्यावर ट्रेचं काय करायचं?

दुसरं, त्या मार्गावर त्या कंपनीची दिवसातून किती विमानं आहेत ते बघा. एक रद्द झालं तर तुम्हाला पुढच्यात बसवायचं असतं. पुढचं दुपारी आहे की उद्या, यावर लग्न गाठणं अवलंबून आहे. माझ्या दृष्टीने खरी सर्व्हिस हीच.

तिसरं, गुडघे. व्हीलचेअर आत्ताच तिकिटात टाका, निदान ४८ तास आधी तरी. गरजू माणसाला त्याचे पैसे लागत नाहीत, बजेट असो वा फुल. मदतनीस काउंटरपासून गेटपर्यंत नेतो, रांगेत थांबावं लागत नाही. बसने विमानापाशी जावं लागलं तर शिडी की उतार ते आधी विचारून घ्या. इंडिगो बऱ्याच ठिकाणी वळणावळणाचा रॅम्प लावते. धरलेल्या गुडघ्यांना शिडीपेक्षा तो बरा, पण चालत गेलं तर लांब पडतो. तिथेही खुर्ची ढकलत नेतात. आईंना लाज वाटत असेल तर बाळ त्यांच्या मांडीवर द्या, मग त्या बसतात. हे मी कित्येक आज्यांच्या बाबतीत पाहिलंय.

विदर्भी ठेचा

रॅम्पवरची ताई, बाकी सगळं मान्य, पण "जास्त विमानं म्हणजे जास्त भरवसा" हे मला मान्य नाही. डिसेंबर २०२५ विसरलात का? वैमानिकांच्या ड्युटीचे आणि विश्रांतीचे नवे नियम लागू झाले, इंडिगोची तयारी अपुरी पडली आणि काही दिवसांत हजारो उड्डाणं रद्द झाली. ज्यांची सगळ्यात जास्त विमानं तेच बसले, तेव्हा पुढचं विमानही रद्द आणि त्याच्या पुढचंही. दुसऱ्या कंपन्यांची भाडी इतकी चढली की सरकारला मर्यादा घालावी लागली. ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये, म्हणजे मुंबई–नागपूर त्यातच आलं. देशातली निम्म्याहून जास्त वाहतूक एकाच कंपनीकडे असली की असंच होणार. शक्य असेल तेव्हा आपण दुसऱ्याला गिऱ्हाईक द्यावं, नाहीतर उद्या तोही उरायचा नाही. बाबांनी फुल सर्व्हिस घ्यावी, त्यांच्या आईसाठी आणि आपल्या सगळ्यांसाठी.

रॅम्पवरची

डिसेंबरचं मान्य. तिथे अडकलेल्या लोकांना तोंड देणाऱ्या माझ्या जुन्या मैत्रिणी रडत होत्या. पण भाचीच्या लग्नाचं तिकीट काढताना बाजाराची रचना सुधारायचा भार एका कुटुंबावर का टाकायचा? ते डीजीसीएचं काम आहे.

भरपाईचा नियमही बजेट आणि फुल सर्व्हिस दोघांना सारखाच आहे. वेळेत न कळवता उड्डाण रद्द केलं आणि कारण कंपनीच्या हातातलं असलं, तर एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० किंवा मूळ भाडं अधिक इंधन शुल्क, यांतली कमी असेल ती रक्कम. एवढ्या छोट्या उड्डाणाला दोन तासांवर उशीर झाला तर खाणंपिणं द्यावं लागतं. धुकं, वादळ असेल तर रोख भरपाई नाही. जास्त भाडं भरलं म्हणून जास्त हक्क मिळतात, असं नाही.

मेहकरचा

विमान कशाला? दुरांतोने रात्री बसा, सकाळी नागपूर. सामानाचं वजन नाही की काही नाही.

डोंबिवलीकर बाबा

मे महिन्यातलं आरक्षण मिळवून द्या, लगेच येतो. दोन खालचे बर्थ हवेत.

पनवेलकर

कुणी विमानतळाचं बोललंच नाही. मुंबईत टी१ आणि टी२ ही टर्मिनलं वेगळी, इंडिगोची विमानं दोन्हींकडून उडतात, एअर इंडिया टी२वरून. मेट्रो तीनची स्टेशनं दोन्हींकडे आहेत, पण पाच माणसं, बॅगा आणि बाळ घेऊन मेट्रो कोण करणार? डोंबिवलीहून टॅक्सीच. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळ सुरू झालंय, आम्हाला तर दारातच. तिथून नागपूरचं विमान तुमच्या वेळेला असेल तर पहाटे वाचणारा वेळ आणि टॅक्सीचे पैसे धरा. नऊशेच्या फरकावर भांडण्यापेक्षा हा हिशेब मोठा आहे.

नागपूरची सून

येतानाचं सामान कुणी धरलंय का? जाताना बॅग ११ किलो, येताना १७. लग्नघरून साड्या, मानाचे पोशाख, संत्रा बर्फीचे डबे, आणि सासूबाई सांबारवडीसुद्धा बांधून देतात. काउंटरवर जादा किलोचे जे घेतात ते ऐकून मी तिथेच बॅग उघडून बसले होते. सगळ्यांसमोर साड्या काढून नवऱ्याच्या पाठीवरच्या पिशवीत कोंबल्या. घरूनच जादा किलो बुक केले तर स्वस्त पडतात. आणि इंडिगोत माणशी नगही मोजतात, म्हणून दोन हलक्या पिशव्यांपेक्षा एक मोठी बॅग करा. बाळाला बहुतेक ठिकाणी सामानाचा वेगळा कोटा नसतो, पण बाबागाडी सहसा फुकट घेतात.

मला विचाराल तर जाताना बजेट, येताना ज्याचं जादा सामान स्वस्त पडेल ते. दोन्ही बाजू एकाच कंपनीच्या घ्यायला कुणी सांगितलंय?

डोंबिवलीकर बाबा

सगळ्यांचं वाचलं. सामानाचं आणि वेळेचं बायकोलाही पटलं. आईच्या बाबतीत मात्र मी आहे तिथेच आहे. सकाळचं फुल सर्व्हिस मिळालं तर तेच घेणार, नऊशे जास्त पडले तरी. नाही मिळालं तर सकाळचं बजेट, व्हीलचेअर टाकून, आईची आणि माझी सीट शेजारी विकत घेऊन, तिचं खाणं आधीच बुक करून. किंमत तिला सांगणार नाही, "तिकिटात आहे" म्हणेन.

दोन लेकरांची आई

दादा, खाणं बुक करताना मधुमेहींचा पर्याय आहे का ते बघा, नुसतं सँडविच-ज्यूस त्यांच्या कामाचं नाही. पण सकाळी सहाच्या विमानाला माझा अजूनही विरोध आहे. डोंबिवलीहून निघायचं म्हणजे लेकरांना अडीचला उठवायचं. दीड वर्षाचं बाळ अर्धवट झोपेत उठवलं की ते विमानतळावर रडतं, विमानात रडतं आणि नागपूरला उतरल्यावर सगळ्या पाहुण्यांसमोर झोपतं. नऊ-साडेनऊचं बघा. उशीर तोवर फार साचलेला नसतो आणि सगळ्यांचं पोट भरलेलं असतं.

रॅम्पवरची

नऊचंही चालेल. दुपारी दोननंतरचं मात्र घेऊ नका, नागपूरच्या मे महिन्यात तर नकोच. उन्हात तापलेल्या बसमध्ये उभं राहायला लागलं तर आईंना सोसणार नाही.