नाव अडतं ते वयामुळे, पण घडलेली गोष्टच आठवत नसेल तर? (नानांसाठी मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

माझे वडील, नाना, वय ७४. रावेर तालुक्यात आमची केळी आहे. वर्षभरापासून नावं त्यांच्या तोंडाशी येऊन अडतात. परवा त्यांचे एक जुने सोबती ओट्यावर येऊन बसले, चहा झाला, गप्पा झाल्या. ते गेल्यावर नाना हळूच म्हणाले, "याचं नाव काय रे भो?" मी नुसतं "सु..." म्हटलं, तर नावासकट त्यांच्या वडिलांचं नाव, शेताचा बांध, सगळं सांगून मोकळे.

एवढ्याची मला भीती नाही. वाढत्या वयात आठवण पुसली नाही तरी वेळेवर हाती लागत नाही, आणि त्यात माणसांची नावं आधी अडतात, हे वाचलंय. खूण मिळाली की सापडतं. मृगबाग, कांदेबाग या केळी लागवडीच्या दोन हंगामांचं गणित नानांना आजही तोंडपाठ आहे. पानाकडे बघून करपा रोग की थंडीचा चरका, हे माझ्याआधी सांगतात. थोडा वेळ लागतो, इतकंच.

पण पंधरा दिवसांत दोनदा वेगळंच घडलं. बँकेतून पैसे काढून आणले आणि तासाभराने पुन्हा पासबुक घेऊन निघाले. "मी गेलोच नाही" म्हणत होते. नोंद दाखवली, पैसे हातात दिले, तरी आठवेना. इथे खूण देऊनही उपयोग झाला नाही. त्या दिवसापासून मला झोप नाही.

डॉक्टर दोन मिनिटांत "वय झालं" म्हणाले. रक्त तपासलं नाही. नाना माळकरी, पूर्ण शाकाहारी आहेत, त्यामुळे बी-१२ जीवनसत्त्व कमी असू शकतं. ऐकूही कमी येतं. आई गेल्यापासून ते गप्प गप्प असतात, झोपेची गोळी चालू आहे. थायरॉईडसकट या सगळ्यांनी स्मरण बिघडू शकतं आणि कारणावर इलाज केला तर काही वेळा सुधारतंही, म्हणून तपासणी हवीच असं मला वाटतं. गोळी मी स्वतःहून बंद केलेली नाही.

जळगाव-भुसावळकडे कुणी घरच्यांना दाखवलंय का? आधी मेंदूच्या डॉक्टरांकडे जावं की मानसोपचाराच्या? नाना चौथी शिकलेले, घरात आमची बोलीच बोलतात. घड्याळ काढा, शंभरातून सात वजा करा, अशा चाचणीत ते शिक्षणामुळे मागे पडले तर डॉक्टर ते कसं ओळखतात?

आणि नाव अडलं की मी लगेच सांगावं, की थांबावं? थांबलो तर त्यांचा चेहरा पडतो, ते बघवत नाही.