मदत हवी आहे: वडिलांची मधुमेहाची ‘घराण्याची पुडी’ तपासायची कुठे, आणि त्यांना समजवायचं कसं?

सावनी_के

नमस्कार. धागा आरोग्य विभागात काढलाय, चुकीच्या जागी असेल तर संपादकांनी हलवावा.

माझे वडील (आम्ही त्यांना अण्णा म्हणतो) ७२ वर्षांचे आहेत. राजापूर तालुक्यात गावी आईसोबत राहतात. अंगकाठी पहिल्यापासूनच बारीक. मधुमेह जुना आहे. मेटफॉर्मिन ५०० सकाळ-संध्याकाळ, त्याशिवाय मधुमेहाची दुसरी गोळी कधी नव्हती.

गेल्या पावसाळ्यापासून दोन गोष्टी सुरू झाल्या. पहिली म्हणजे बिबळ्याच्या लाकडाचा पेला. रात्री त्यात पाणी भरून ठेवायचं आणि सकाळी ते पिवळसर-तांबूस झालं की प्यायचं. दुसरी म्हणजे पुडी. तालुक्याच्या गावी महिन्यातून एकदा एक वैद्य येऊन बसतात, त्यांच्याकडून अण्णा महिनाभराच्या पुड्या आणतात. करड्या रंगाचं चूर्ण, साध्या कागदात बांधलेलं. नाव नाही, घटक नाहीत, चिठ्ठीसुद्धा नाही. ‘घराण्याचं औषध’ एवढंच सांगतात.

अडचण अशी की पुडीला गुण येतोय! एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ८.६ होतं ते ६.२ वर आलं. अण्णांनी तो रिपोर्ट वाडीतल्या सगळ्यांना दाखवून झाला आणि संध्याकाळची मेटफॉर्मिन आपल्या मनाने बंद केली.

मागच्या आठवड्यात पहाटे आईला जाग आली तर अण्णा घामाने चिंब, हात थरथरतायत, बोलणं असंबद्ध. शेजारच्या काकांनी त्यांचं मशीन आणून बोटाला लावलं तर शुगर ५८. साखरपाणी पाजल्यावर सावरले. यावर अण्णांचं म्हणणं, “बघ, औषध किती लागू पडतंय. आता सकाळची गोळीपण सोडतो.”

मला विचारायचंय ते असं. बिबळ्याला खरंच काही शास्त्रीय आधार आहे का? पुडीत काय आहे हे कुठे कळेल? आणि चाळीस वर्षं संस्कृत शिकवलेल्या, आयुर्वेदावर अपार श्रद्धा असलेल्या माणसाशी हे बोलायचं कसं? मी स्वतः आयुर्वेदाच्या विरोधात नाही. तेव्हा ‘सगळं थोतांड’ आणि ‘सगळं आपल्या ऋषींनी आधीच सांगितलंय’ हे दोन्ही प्रतिसाद कृपया टाळावेत.

गारंबी

माझ्या मावसोबांची शुगर बिबळ्याने नॉर्मल झाली. पेला सिंधुदुर्गातून आणला होता, खात्रीचा. शंका कशाला घेता?

डॉ_नाईटड्युटी

फिजिशियन आहे. बाकी सगळं नंतर, आधी ते ५८ बघा.

मेटफॉर्मिन एकटी असताना शुगर सहसा इतकी खाली नेत नाही. ती यकृतातून रक्तात येणारी साखर कमी करते, स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला भाग पाडत नाही. त्यातही अण्णांनी अर्धा डोस सोडलेला. बिबळ्याच्या पाण्याने शुगर अशी कोसळते असंही माझ्या माहितीत नाही. मग हे काम कुणी केलं? माझा पहिला संशय पुडीत सल्फोनिलयुरिया गटातली, म्हणजे स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावणारी, गोळी कुटून घातल्याचा आहे. या गटातली जुनी गोळी म्हणजे ग्लिबेनक्लामाइड. स्वस्त, हमखास काम करणारी आणि म्हाताऱ्या माणसांत धोक्याची, कारण असर लांबतो. किडनी मंदावलेली असेल तर आणखीच लांबतो.

हा संशय हवेतला नाही. २००० साली अमेरिकेत मधुमेहाची काही चिनी ‘वनौषधी’ उत्पादनं परत मागवावी लागली होती, त्यांत ग्लिबेनक्लामाइड आणि फेनफॉर्मिन (मेटफॉर्मिनच्या कुळातली जुनी गोळी) निघालं होतं. २००८ मध्ये सिंगापुरात मधुमेह नसलेले पुरुष शुगर कोसळून रुग्णालयात येऊ लागले. लैंगिक शक्तीच्या बेकायदा औषधांत ग्लिबेनक्लामाइड सापडलं. सुमारे दीडशे रुग्ण, चार मृत्यू.

आता करायचं काय. पुडी आजपासून बंद. बंद केल्यावर शुगर वर जाणार हे धरून चाला, म्हणून मेटफॉर्मिन अण्णांनी स्वतः ठरवून सोडू नये. तिचा डोस तिथल्या डॉक्टरांना सगळं खरं सांगून ठरवा. किडनी कशी चालते ते कळायला रक्तातलं क्रिएटिनिन तपासा. घरात मशीन घ्या आणि काही दिवस पहाटेचीही शुगर बघा. ७० च्या खाली आली तर तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मग काहीतरी खायला द्यायचं. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, थेट दवाखाना. आणि असा झटका पुन्हा आला तर साखरपाण्याने बरं वाटलं म्हणून घरी थांबू नका. या गोळ्यांचा असर दिवसभर रेंगाळतो, काही तासांनी शुगर परत पडते.

त्रिकटू

मी वैद्य आहे, बी.ए.एम.एस. डॉक्टरांच्या संशयाशी सहमत आहे, आणि मनापासून चीड येते. असल्या पुड्यांनी गुण आला की नाव त्यांचं, रुग्ण आडवा पडला की बदनामी आयुर्वेदाची.

बिबळा म्हणजे आमचा असन किंवा विजयसार. वाग्भटाने अष्टांगहृदयात असनादि गण सांगितला आहे, त्यात हा पहिलाच, आणि प्रमेहात, म्हणजे मधुमेह ज्यात मोडतो त्या विकारांत, तो वापरतात. अलीकडचं म्हणाल तर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने विजयसारावर अनेक केंद्रांत चाचणी केली होती, ती १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. ९७ पैकी ६७ रुग्णांची साखर १२ आठवड्यांत आटोक्यात आली. पुढे टोलब्युटामाइड या जुन्या गोळीशी तुलनाही झाली.

पण यातल्या दोन गोष्टी पेला विकणारा सांगत नाही. १९९८ च्या चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. आहार सांभाळल्याने किती फरक पडला आणि औषधाने किती, हे त्यातून वेगळं काढता येत नाही. आणि रुग्णांना दिला होता तो मोजून काढलेला अर्क, पेल्यातलं पाणी नव्हे. पेल्यात रात्रभरात किती द्रव्य उतरलं हे लाकूड किती जुनं, पाणी किती, यावर अवलंबून. १९८० च्या सुमारास बिबळ्यातल्या एपिकॅटेचिनने उंदरांच्या स्वादुपिंडातल्या पेशी परत येतात असा गाजावाजा झाला होता. दुसऱ्या प्रयोगशाळांनी करून पाहिलं तेव्हा तसं दिसलं नाही. व्हॉट्सअॅपवर मात्र ते उंदीर अजून बरे होतायत.

माझं मत विचाराल तर पेला राहू दे. मेटफॉर्मिनच्या जागी नको, सोबत. अण्णांकडून एक गोष्ट काढून घेताना दुसरी हातात राहिलेली बरी.

अण्णा संस्कृतचे शिक्षक आहेत ना? मग त्यांना चरकाच्या चिकित्सास्थानातला प्रमेहाचा अध्याय काढून द्या, सहावा. चरक दोन रुग्ण सांगतो, एक स्थूल आणि बलवान, दुसरा कृश आणि दुर्बळ. कृशाला बृंहण करायचं, म्हणजे पोषण द्यायचं. बारीक अंगाच्या ७२ वर्षांच्या माणसाची साखर पहाटे ५८ ला नेऊन टाकणारं औषध चरकाच्या कुठल्या ओळीत बसतं, हे त्यांनीच सांगावं. सुश्रुतही वाचू द्या. तिथे निर्धन प्रमेह्याला पादत्राणं आणि छत्री न घेता, एका गावी एकच रात्र काढत शंभर योजनं चालायला सांगितलंय, दुसऱ्या कुणाला विहीर खणायला. दोघांत मिळून पथ्य आणि व्यायामावर केवढा भर आहे बघा. पुडी घ्या आणि बासुंदी चालू ठेवा असं कुणीच म्हटलेलं नाही.

आणखी एक तपासणी सुचवते, रक्तातलं शिसं. प्रमेहावरच्या रसौषधींमध्ये (धातू-खनिजांपासून केलेल्या औषधांत), उदाहरणार्थ त्रिवंग भस्मात किंवा वसंतकुसुमाकरात, नागभस्म असतं. नाग म्हणजे शिसं. शास्त्रोक्त पद्धतीने केलेलं आणि कुणीही कढईत भाजलेलं यात काय फरक असतो यावर आमच्यातही वाद आहेत, ते इथे नको. बॉस्टनमध्ये विकत मिळणारी ७० आयुर्वेदिक उत्पादनं तपासली होती, २००४ चा अभ्यास. त्यातल्या १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. बिननावाच्या करड्या चूर्णाबद्दल तर बोलायलाच नको.

रोखठोक_७

आला अॅलोपथीचा कंपू. मेटफॉर्मिन तरी काय, केमिकलच! आयुर्वेदाच्या औषधांची आधुनिक डॉक्टरांनी कधी प्रामाणिक चाचणी केली आहे का?

डॉ_नाईटड्युटी

केली आहे. सर्पगंधा. मुंबईच्या केईएमचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांवरचे निष्कर्ष १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापले, आणि जगभर ते औषध वापरात आलं. १९५२ मध्ये त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं. पुढे त्याने काहींना नैराश्य येतं असं दिसू लागलं, तेही छापून आलं. उलट गुग्गुळाचं घ्या. कोलेस्टेरॉलसाठी आपल्याकडे त्याचा केवढा बोलबाला होता. २००३ मध्ये अमेरिकेत नीट चाचणी झाली तर वाईट कोलेस्टेरॉल कमी न होता थोडं वाढलेलं निघालं. म्हणजे एक उत्तीर्ण, एक नापास. पुडी परीक्षेलाच बसलेली नाही.

आणि मेटफॉर्मिनचं मूळ युरोपातल्या गॅलेगा नावाच्या झुडपापर्यंत जातं. तेही लोक मधुमेहासारख्या तक्रारींवर वापरत. अण्णांना हे सांगा, आवडेल.

औषधी_बाबू

औषधांच्या गुणवत्ता तपासणीत नोकरी केली आहे, म्हणून तेवढंच सांगतो.

लेबल नाही म्हणजे लगेच बेकायदा, असं नसतं. १९४० च्या औषध कायद्यात वैद्याला स्वतःच्या रुग्णापुरतं औषध बनवायला परवान्यातून सूट आहे. पण ती वैद्याला आहे. तेव्हा पहिला प्रश्न, या गृहस्थांची महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसीनकडे नोंदणी आहे का? नोंदणी क्रमांक मागा. द्यायला काकू करत असतील तर समजून जा. आणि आधुनिक औषध कुटून घातलं असेल तर ही सूट कुणालाच वाचवत नाही.

न उघडलेल्या पुड्या मूळ कागदासकट बाजूला ठेवा, वर तारीख लिहा. थोड्या स्वतःकडेच राहू द्या, सगळ्या कुणाला देऊ नका. अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. लवकर उत्तर हवं असेल तर एनएबीएल (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता असलेली खासगी प्रयोगशाळा गाठा. तिथे नुसतं ‘यात काय आहे ते बघा’ म्हणू नका, तशी तपासणी होत नाही. काय शोधायचं ते लिहून द्यावं लागतं: ग्लिबेनक्लामाइड, ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड, मेटफॉर्मिन. शिवाय शिसं, पारा, आर्सेनिक, कॅडमियम. वनस्पतींच्या चूर्णात शिसं १० पीपीएमच्या (दहा लाखांत १० भाग) वर नको, पारा १ पीपीएमच्या वर नको. खर्च बऱ्यापैकी येतो, आधी विचारून घ्या.

सावनी_के

सर्वांचे मनापासून आभार. शनिवारी गावी जाऊन आले.

त्रिकटूताई, तुमचा उपाय चालला. अण्णांच्या कपाटात चरकसंहिता होतीच. आधी ताडताड बोलले, “मला चरक शिकवायला आलीस का?” मग चष्मा लावून बसले ते दुपारचा चहा गार होईपर्यंत. नंतर स्वतःच वैद्यांना फोन लावला आणि घटक विचारले. पलीकडून उत्तर आलं की गुरूंची शपथ आहे, सांगता येत नाही. नोंदणी क्रमांक विचारल्यावर फोन कट. तिथे अण्णा बिथरले. “ग्रंथात एकेका योगाचं, म्हणजे औषधाच्या मिश्रणाचं, द्रव्य आणि प्रमाण लिहून ठेवलंय, आणि हा कोण शपथवाला?” मी एक अक्षर बोलले नाही.

पुडी बंद आहे. क्रिएटिनिन १.६ आलं, म्हणजे डॉक्टरांनी म्हटलेली किडनीची शंका बरोबर निघाली. मेटफॉर्मिन तिथल्या डॉक्टरांनी किडनीचा अंदाज घेऊन सध्या सकाळ-संध्याकाळ ठेवली आहे, महिन्याने पुन्हा तपासणी. उपाशीपोटी शुगर १६० च्या घरात जायला लागली, त्यामुळे अण्णा थोडे हिरमुसलेत. शिशाच्या तपासणीला रक्त दिलंय. पुड्या मुंबईच्या प्रयोगशाळेत दिल्यात, अहवाल आला की इथे टाकते. तक्रार द्यायला मात्र अण्णा अजून तयार नाहीत, ‘गावात राहायचंय’ म्हणतात.

मृण्मयी_डों

धागा वाचून पोटात गोळा आला. माझ्या आईला गुडघ्यांसाठी अशाच सुट्या काळ्या गोळ्या चालू आहेत. जादूसारखा फरक पडला. पण चेहरा गोल गरगरीत झालाय, भूक वाढलीय, आणि गोळ्या संपून दोन दिवस गेले की अंथरुणातून उठवत नाही. आजच बंद करू का?

डॉ_नाईटड्युटी

नाही, तुम्ही एकदम बंद करू नका! सावनीताईंना सांगितलं ते तुम्हाला लागू नाही. गोल चेहरा आणि गोळ्या संपल्यावर गळून जाणं, यावरून त्यात स्टिरॉइड असावं असं वाटतं. बरेच दिवस बाहेरून स्टिरॉइड मिळालं की शरीर स्वतःचं बनवणं कमी करतं. अचानक तोडलं तर रक्तदाब कोसळून जिवावर बेततं. गोळ्या सोबत घेऊन फिजिशियनकडे जा. सकाळचं कॉर्टिसॉल (शरीर स्वतः बनवतं ते स्टिरॉइड), सोडियम, पोटॅशियम, शुगर, रक्तदाब एवढं होऊ द्या. डोस कसा उतरवायचा ते तेच ठरवतील.

त्रिकटू

मृण्मयीताई, गुडघ्यांसाठी आयुर्वेदच हवा असेल तर उघडपणे तपासलेलं आहे. पुण्याच्या संधिवात तज्ज्ञांच्या पुढाकाराने झालेली चाचणी २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यात आयुर्वेदिक योगांची ग्लुकोसामाइन आणि सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाशी तुलना होती, वेदना साधारण सारख्याच कमी झाल्या. काही रुग्णांत लक्षणं नसताना एसजीपीटी (यकृतावरचा ताण दाखवणारी रक्ततपासणी) वाढलेलं दिसलं आणि तेही त्यांनी लपवलं नाही. म्हणून मी असे योग देताना यकृताची तपासणी आधी आणि मधूनमधून करून घेते. पण ते पुढचं. आईंना आधी डॉक्टरांकडे न्या, उद्याच. तोवर गोळ्या संपत आल्या असतील तर आजच.