मदत हवी आहे: मुलांच्या हातात चाकू कोणत्या क्रमाने द्यावा?

नमस्कार मंडळी,

मी कोल्हापूरचा. शिरोलीत फाउंड्रीच्या पॅटर्न शॉपमध्ये 17 वर्षं काम करतोय. वितळलेलं लोखंड ओतायच्या आधी वाळूत साचा काढायला जो लाकडी नमुना लागतो, तो आम्ही बनवतो. रंधा, पटाशी, कानस रोज हातात. गेल्या दिवाळीपासून गल्लीतली 11 मुलं-मुली दर रविवारी केर्लीजवळ मामांच्या शेतात नेतो. वयं 10 ते 15. गाठी मारणं, चूल पेटवणं, झाडं ओळखणं, चाकूनं लाकूड तासणं असं चालतं. पैसे घेत नाही. पोरं चार तास मातीत रमतात, मला तेवढं पुरतं.

तीन रविवारांपूर्वी प्रत्येकाला एक छोटा डाव करायला पांगाऱ्याच्या फांदीचे तुकडे दिले होते. पांगारा मऊ, सावंतवाडीची खेळणीही त्याची करत आलेत, म्हणून मुद्दाम निवडला. एक 12 वर्षांचा मुलगा दांडा साफ करत होता. तुकडा डाव्या तळव्यात, अंगठा पात्याच्या वाटेत. पातं गाठीवर अडलं, त्यानं जोर लावला, आणि गाठ सुटली तसा चाकू थेट अंगठ्याच्या मुळाशी गेला. मी सहा फुटांवर दुसऱ्या मुलीला धार बघायला शिकवत होतो. जखम स्वच्छ फडक्यानं दाबली, हात वर धरायला लावला, दवाखान्यात नेलं. 2 टाके पडले. आता जखम भरलीय. परवा घरी येऊन विचारून गेला, "काका, माझा डाव ठेवलाय न्हवं?"

त्या रात्री तो चाकू मी नखावर टेकवून पाहिला. धारदार पातं नखाला धरतं, हे घसरलं. शनिवारी ऑइलस्टोनवर सगळ्यांना धार लावली होती, घाईत हा एक राहून गेला. चूक माझी, आणि पोराच्या आईलाही मी तसंच सांगितलं. बोथट पात्याला जोर लावावा लागतो आणि जोरातच हात सुटतो, हे आमच्या शॉपमध्ये नवख्या पोराला पहिल्या आठवड्यात कळतं.

तीन घरांनी मुलं पाठवणं थांबवलंय. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. एक जण म्हणाले, "चाकू सोडा, नुसते गड फिरवा." पण स्वतःच्या हातानं केलेल्या वस्तूकडे पोरं कशी बघतात ते मी पाहिलंय, मला ते सोडवत नाही.

खरी अडचण अशी, की मला काम येतं, शिकवता येत नाही. आमच्या मिस्त्रींनी मला तोंडानं काहीच सांगितलं नव्हतं. सहा महिने मी फक्त भुसा झाडला आणि त्यांचे हात बघितले. मुलांना रविवारचे चारच तास मिळतात. "रेषेनं जा, उलटं गेलास तर चिरफळी निघेल" असं म्हटलं की दहा वर्षांचं पोर नुसतं तोंडाकडे बघतं. एकदाच जमलं, ऊस सोलताना. सुरी पेराशी कशी अडते ते आमच्याकडच्या पोराला ठाऊक असतं. "लाकडातली गाठ म्हणजे उसाचं पेर, तिथं जोर लावायचा नाही, बाजूनं यायचं," म्हटल्यावर सगळ्यांना कळलं. तसंच गाठींचं. मामांनी गाईच्या दाव्याची सुरगाठ दाखवली, ती मिनिटात आली. मी फळ्यावर काढलेली एकही नाही. हे ऊस सोलणं त्या रविवारच्या आधी सुचलं असतं तर!

म्हणून विचारतो. पहिला महिना साबणाच्या वडीवर काम करून घेऊन मग लाकूड द्यावं असं मनात आहे. चाकू बसूनच चालवायचा, दोघांमध्ये हात आणि चाकू मिळून होईल एवढं अंतर, देताना समोरच्यानं "घेतला" म्हटल्याशिवाय सोडायचा नाही. 10 वर्षांच्या मुलाला हे झेपतं का, की 12 पर्यंत थांबावं? डाव्या हातात चामडी मोजा घालावा, की त्यानं बेफिकिरी वाढते? शाळेत मी स्काउटमध्ये होतो. स्काउट सुरू करणाऱ्या बेडन-पॉवेल यांनी 1907 साली ब्राउनसी बेटावरच्या पहिल्या शिबिरात मुलांचे 4 संघ करून प्रत्येकावर एक मोठा मुलगा नेमला होता, तसा प्रत्येक लहानग्यासोबत एक मोठा जोडून द्यावा असं वाटतं. पण चाकू हातात असताना मोठं पोर लहानाकडे लक्ष देईल का?

जुलैत पन्हाळा ते पावनखिंड जायचंय, म्हणून पावसात चूल पेटवायला शिकव असा हट्ट आहे. ते फक्त मामांच्या शेतात, पाचट, शेण्या आणि मेलेल्या फांदीचा कोरडा गाभा घेऊन. जंगलात काडी ओढायची नाही हे पक्कं ठरलंय. राखीव वनात आग लावणं 1927 च्या वन कायद्यानं गुन्हा आहे. कण्हेर, बिब्बा आणि खाजकुइली लांबून ओळखता आल्याशिवाय कुणी लाकूड गोळा करायला जात नाही. अजून काय दाखवायला हवं?

पालकांना चिठ्ठी लिहायची आहे, त्यात टाक्यांचं सगळं जसं झालं तसं सांगणार आहे. नमुना असेल तर द्या.

येत्या रविवारी आठ मुलं येतील. चाकू कपाटात कुलपात आहेत. शाळेत, पथकात किंवा घरच्याच पोरांना कुणी हत्यार हाताळायला शिकवलं असेल, तर पहिल्या दिवशी नेमकं काय केलंत, तेवढं तरी लिहा.