नाण्यावरचा डाग काढावा का? सातारा-सांगलीकडचे अनुभव

पावसाळा सरत आला की नाण्यांचे डबे उघडले जातात आणि दरवर्षी तोच प्रश्न येतो. स्वतः हाताळलेल्या नाण्यांबद्दल लिहा, ऐकीव उपाय नकोत. कोणतं नाणं, कसला डाग, काय केलं, पुढं काय झालं, एवढं सांगा. माझ्यापुरतं मी एकच बघते: डाग वाढतोय की थांबलाय.

सातारा
माझा जीव शिवराईत, म्हणजे शिवाजी महाराजांनी सुरू केलेल्या तांब्याच्या नाण्यात. छाप मोठी आणि चकती लहान, त्यामुळं 'श्री राजा शिव' आणि 'छत्रपती' ही अक्षरं बऱ्याच नाण्यांवर पुरती उमटलेलीच नसतात. जी आहेत ती काळपट-तपकिरी झाकेमुळं वाचता येतात. चिंच-मीठ लावून लख्ख केलेल्या शिवराया विकायला येतात. तांबं गुलाबी दिसतं, पण अक्षरांच्या कडा बोथट झालेल्या असतात. कितीही स्वस्त मिळो, मी घेत नाही. नुसती माती असेल तर डिस्टिल्ड पाण्यात भिजत ठेवतो, पाणी बदलत राहतो आणि सुटेल तेवढीच बांबूच्या काडीनं सोडवतो.

मिरज
हिरवा डाग दिसला की आधी काडीच्या टोकानं हलकेच तपासा. घट्ट, गुळगुळीत, गर्द हिरवा थर असेल तर तो नाण्याचाच भाग झालाय, त्याला हात लावू नका. फिकट पोपटी भुकटी गळत असेल आणि खाली खड्डा दिसत असेल तर मात्र थांबू नका. तांब्यात मुरलेले क्लोराइड क्षार दमट हवेत धातू खात राहतात. माझ्याकडं ईस्ट इंडिया कंपनीचा १८३५ चा तांब्याचा पाव आणा असा होता. भुकटी काडीनं काढली, सोडियम सेस्क्विकार्बोनेटच्या (क्लोराइड ओढून काढणारा एक सौम्य सोडा) पातळ द्रावणात कित्येक आठवडे ठेवला, द्रावण बदलत राहिलो. मग डिस्टिल्ड पाण्यानं धुऊन पुरता वाळवला आणि ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या डबीत वेगळा ठेवला. खड्डे आहेत तसेच आहेत, पण पोपटी रंग परत आलेला नाही. पावसाळ्यात सिलिका जेल बदलायचं विसरू नका, सगळं त्यावर अवलंबून आहे.

सांगली, गावभाग
२०१९ च्या ऑगस्टमधल्या महापुरात आमचे अल्बम भिजले. गाळ वाळू दिला नाही हे फार बरं झालं. वाळलेला गाळ पुसला की बारीक वाळूचे ओरखडे उठतात आणि ते कायमचे. आधी साध्या, मग डिस्टिल्ड पाण्यात नाणी बुडवून काढली, मऊ कापडानं नुसती टिपली. ॲल्युमिनियमच्या तीन पैशांवर पांढरट डाग राहिले, ते तसेच आहेत. ॲल्युमिनियमला धुण्याचा सोडा तर लावूच नये, तो धातूच खातो.

कराड
सासूबाईंच्या देवघरातले राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीचे चांदीचे रुपये. पिढ्यान्‌पिढ्या लक्ष्मीपूजनात हळद-कुंकू आणि तूप लागलेलं. चांदीवरची काळी झाक म्हणजे मळ नव्हे, हवेतल्या गंधकामुळं चांदीवर आलेला थर आहे. तो पॉलिशनं काढला तर त्याबरोबर चांदीही जाते, म्हणून ती ठेवली. तूप आणि हळद शुद्ध ॲसिटोननं निघाली, धातूला धक्का लागला नाही. एक रुपया मात्र सासूबाईंनी मागून घेतला. "तो पूजेचा आहे, कुंकवासकट राहू दे गं," म्हणाल्या. तो संग्रहात नाही, देवघरातच आहे, आणि मला ते पटलं.

वाई
नाण्यावर चिकट हिरवट थर आला असेल तर आधी पाकीट बघा. मऊ पीव्हीसीच्या पाकिटातून हा चिकटपणा नाण्यावर उतरतो आणि पुढं धातू खराब करतो. हा डाग काढायलाच हवा. त्यालाही शुद्ध ॲसिटोनच. नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात रंग-तेल मिसळलेलं असतं. काचेच्या वाटीत, खिडकी उघडून, गॅसपासून लांब. नंतर मायलरची (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टरची) पाकिटं घ्या. जुनी पाकिटं दुसऱ्या नाण्यांनाही वापरू नका.