शेवटच्या वर्षाच्या मुलांचं डिजिटल कलाप्रदर्शन बेळगावात भरवायचंय, सल्ला हवा

शहापूरची मावशी
नमस्कार मंडळी. माझी भाची बेंगळूरला डिजिटल मीडिया शिकते, यंदा शेवटचं वर्ष. बेळगाव, खानापूर, निपाणीकडची तिच्या ओळखीची आणखी काही मुलं पुण्यात, कोल्हापुरात, गोव्यात हेच शिकतात. कॉलेजच्या प्रदर्शनात कामं लागली, कौतुक झालं, पण आईबापांनी काहीच बघितलं नाही. म्हणून मे महिन्यात चार दिवस सगळ्यांचं मिळून इथंच प्रदर्शन भरवायचं ठरलंय. काही व्हिडिओ आहेत, एक नुसतं ऐकायचं काम आहे. भाचीच्या कामात प्रोजेक्टरनं भिंतीवर पाणी दिसतं आणि माणूस पुढं आला की त्याच्या पायापासून लाटा निघतात. जागा कुठली घ्यावी? यंत्रं दिवसभर नीट चालायला काय बघावं लागतं? आणि खरी काळजी ही, की "हे काय, टीव्हीच लावलाय" म्हणून लोक दारातनंच परत जाऊ नयेत. मुलांनी जीव ओतलाय त्यात.

टिळकवाडीकर
ताई, पहिल्यांदा वरेरकर नाट्य संघाचं के. बी. कुलकर्णी कलादालन विचारा. बेळगावात चित्रं बघायची सवय असलेली माणसं तिथं आपणहून येतात. काळोख करता येईल का, भिंतीला काय लावू देतात, प्लग पॉइंट किती आहेत, हे आधी स्वतः जाऊन बघा. खुर्च्या बसवलेलं नाट्यगृह मात्र नको. लोकांना फिरता आलं पाहिजे.

लायटिंगवाला, अनगोळ
मी गणपतीच्या हलत्या देखाव्यांचं लाईट आणि मोटारींचं काम करतोय, म्हणून सविस्तर लिहितो.

काळोखापासून सुरुवात करा. तीन हजार ल्युमेनचा (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप) प्रोजेक्टर अंधाऱ्या खोलीत झकास दिसतो, पण खिडकीतनं ऊन आलं की तेच चित्र धुऊन जातंय. मंडपवाल्याकडनं काळं कापड घ्या, दुहेरी लावा, आणि प्रोजेक्टरच्या मागं वारं खेळायला जागा सोडा. मे महिन्यात कोंडलेल्या खोलीत तो तापून बंद पडतोय.

भाचीच्या कामाबद्दल एक नक्की विचारा: कॅमेरा कुठं बघतोय? तो भिंतीकडं बघत असला तर भिंतीवरच्या लाटाच त्याला माणूस वाटतील, आणि कुणी नसतानाही पाणी हलत राहील. शिवाय काळोखात साध्या वेबकॅमला धड दिसत नाही. डोळ्याला न दिसणारा इन्फ्रारेड लाईट लावायचा आणि फक्त तोच उजेड बघणारा कॅमेरा वरून खाली, जमिनीकडं तोंड करून टांगायचा. प्रोजेक्टरच्या चित्रात इन्फ्रारेड जवळजवळ नसतो, त्यामुळं चित्र आणि माणूस यांची गल्लत होत नाही. किनेक्ट (माणसाची हालचाल ओळखणारा तयार कॅमेरा) वापरलं असेल तर ते आपला इन्फ्रारेड आपणच टाकतंय, वेगळा लाईट लागत नाही. पण दालनाची उंची वेगळी असणार, तिथं जाऊन सगळं नव्यानं जुळवावं लागेल. त्याला आदला पूर्ण दिवस ठेवा.

व्हिडिओला लॅपटॉप अडकवू नका. पेनड्राइव्ह थेट टीव्हीला लावा, रिपीट करा आणि रात्रभर चालवून बघा. काही टीव्हींवर फाईल संपली की मधेच मेनू दिसतोय. जिथं कॉम्प्युटर लागतोच, तिथं नेट बंद, अपडेट बंद, स्लीप बंद. एचडीएमआय केबल लांब ओढायची नाही, कॉम्प्युटर प्रोजेक्टरजवळच ठेवायचा.

वळवाचा पाऊस आला की लाईट जाणारच. सहाशे व्हीएचा साधा यूपीएस एक कॉम्प्युटर सांभाळतोय, प्रोजेक्टरला वेगळा घ्या. दिव्याचा प्रोजेक्टर तापलेला असताना पंखा एकदम थांबला तर दिव्याचं आयुष्य कमी होतंय. काय आधी चालू करायचं आणि काय नंतर, ते कागदावर लिहून प्रत्येक कामामागं चिकटवा.

खानापूरची
ऐकायचं काम वेगळ्या कोपऱ्यात ठेवा, नाहीतर व्हिडिओंच्या आवाजात बुडेल. हेडफोन दोन जोड्या तरी हवेत, एकट्यानं ऐकायला लोक बुजतात.

टीव्हीवरनं आठवलं. नाम जून पाईक या कोरियन कलावंतानं १९७४ मध्ये बुद्धाची मूर्ती टीव्हीपुढं ठेवली आणि कॅमेरा मूर्तीकडं लावला. बुद्ध समोर स्वतःलाच बघत बसलाय. माझ्या आजीला हे सांगितलं तर तिला लगेच कळलं, आणि तिनं विचारलं, "मग डोळे मिटून बसायचं सोडून तो टीव्ही कशाला बघतोय?" असा प्रश्न पडला की माणूस त्या कामापाशी थांबतो. म्हणून प्रत्येक कामाजवळ ते करणारं मूल उभं पाहिजे, मराठीत आणि कन्नडात बोलणारं. पाटीवर नाव, गाव आणि व्हिडिओ किती मिनिटांचा ते मराठी, कन्नड, इंग्रजी तिन्ही भाषांत लिहा. चारच मिनिटं आहेत म्हटलं की माणूस बसतो. त्यासाठी समोर बाकडं मात्र हवं! कॉलेजच्या प्रदर्शनांत मोठी निवेदनं लावतात, ती इथं काढून टाका.

वडगावचा
आमच्या घरी माग होते, त्यांवर नक्षी विणायचं जॅकार्ड यंत्र बसवलेलं. जॅकार्डच्या पुठ्ठ्याच्या पट्टीला भोक असलं की तिथली सुई आत शिरते आणि तो धागा वर उचलला जातो. भोक नसलं की धागा खालीच. एका पट्टीला आडव्या धाग्याची एक ओळ, अशा पट्ट्या ओवून पदरावरचा मोर तयार होतो. भोक आहे की नाही, एवढ्यावरच अख्खं चित्र साठवलेलं. फ्रान्समध्ये १८०४ च्या सुमाराला निघालेल्या या पट्ट्यांवरूनच पुढं इंग्लंडच्या बॅबेजनं आपल्या गणकयंत्रासाठी, म्हणजे कॉम्प्युटरच्या पूर्वजासाठी, कल्पना घेतली. शहापूर, वडगाव, खासबागेत कुणाच्या माळ्यावर अजून पट्ट्या असतील. मुलांनी त्या दारातच टांगल्या तर विणकर घरातली माणसं नक्की आत येतील. आमच्याकडच्या मी देतो.

शहापूरची मावशी
सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला विचारलं, तिचा कॅमेरा भिंतीकडंच लावलेला आहे आणि कॉलेजात अधूनमधून लाटा आपोआप उठायच्याच! लायटिंगवाले दादा, जागा ठरली की एकदा येऊन बघाल का? वडगावच्या दादा, पट्ट्यांना हो. मुलं हरखलीत.

लायटिंगवाला, अनगोळ
येतो की. येताना माझ्याकडचा इन्फ्रारेड लाईट आणतो, लगेच लावून बघूया. दालनाची उंची तेवढी मोजून ठेवा.

निपाणीकर
वेळ संध्याकाळी पाच ते नऊ ठेवा, आणि चारातला एक दिवस रविवार असू द्या. निपाणीहून आम्ही घरची सगळी येऊ. तारखा इथंच टाका.