तो तेल-लिंबाचा मेसेज आधी काढा

देशपांडे काकू (बी-३०४): काल रात्री इथे आलेला तो 'ऑलिव्ह ऑईल आणि लिंबाचा रस प्या, पित्ताशयातले खडे पडून जातील' असा मेसेज कृपया काढून टाका. आमच्या सासूबाईंनी तो वाचला आणि आज सकाळी चहाच्या आधी माझ्याकडे तेलाची बाटली मागितली. त्यांच्या सोनोग्राफीत खडे आहेत, गणपतीत मोदक खाल्ल्यावर कशा कळवळल्या होत्या ते सगळ्यांनी बघितलंय.

जोशी काका (ए-१०२): वहिनी, मेसेज मीच टाकला, चांगल्या हेतूने. आमच्या मेव्हण्याचे सकाळी मूठभर खडे पडले. हिरवेगार. फोटो आहे.

रोहित (सी-५०१): काका फोटो नको प्लीज, पोहे खातोय 🙏

पाटील (ए-४०३): पाण्याची टाकी कधी धुणार?

साने बाई (बी-२०१): जोशी, ते खडे नव्हेत. तेल आणि लिंबाचा रस पोटात गेल्यावर साबणासारखे गोळे तयार होतात. २००५ साली न्यूझीलंडच्या डॉक्टरांनी असे गोळे तपासून 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं होतं. त्यात कोलेस्टेरॉल नाही, बिलिरुबिन नाही, कॅल्शियम नाही, आणि ४० अंशाला ठेवले तर वितळले. पित्ताशयातले खरे खडे असे विरघळत नाहीत हो.

जोशी काका: म्हणजे मेव्हणा खोटं बोलतो?

साने बाई: गोळे पडले हे खरं. पित्ताशयातून पडले हे खरं नाही.

सेक्रेटरी: सर्वांना विनंती, ग्रुप फक्त सोसायटीच्या कामासाठी आहे.

देशपांडे काकू: मग काल रात्री तो मेसेज आला तेव्हा ही विनंती कुठे होती?

स्नेहल (सी-२०३): बाई पण पित्ताशय असतं नक्की कुठे, मला तर ॲसिडिटी झाली की तेच दुखतंय असं वाटतं

साने बाई: ॲसिडिटी जठराची, हे वेगळं. पोटाच्या वरच्या भागात उजवीकडे, फासळ्यांच्या आड यकृत असतं, मोठ्या माणसाचं साधारण दीड किलोचं. त्याच्या खालच्या अंगाला चिकटून पित्ताशयाची छोटी पिशवी, मावतं जेमतेम ३० ते ५० मिली. पित्त बनवतं यकृत, ही पिशवी फक्त साठवते आणि त्यातलं पाणी शोषून ते घट्ट करते. जेवणात तूप-तेल आलं की लहान आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून कोलेसिस्टोकायनिन नावाचं संप्रेरक रक्तात सुटतं, पिशवी आवळते आणि पित्त नळीतून आतड्यात उतरतं. चरबी पचवणारं एन्झाइम त्यात नसतं, ते येतं स्वादुपिंडातून. पित्त तेलाचे बारीक बारीक थेंब करून देतं, तुपकट भांड्याला साबण लावल्यावर होतं तसंच.

रोहित: थोडक्यात, विम बार पोटात

साने बाई: रोहित, पुढचं वाच, तेच महत्त्वाचं आहे. एवढं तेल एकदम प्यायलं की ती पिशवी जोरात आवळणार. आत खडा असेल तर तो नळीत जाऊन अडकू शकतो. ही नळी बहुतेकांत स्वादुपिंडाच्या नळीला मिळून आतड्यात उघडते, म्हणजे तोंडाशी अडकला तर पित्त तुंबून कावीळ, नाहीतर स्वादुपिंडाला सूज. ताप, थंडी, पोटात उजवीकडे दुखणं आणि डोळे पिवळे असं एकत्र दिसलं तर रात्री दोन वाजतासुद्धा हॉस्पिटल गाठायचं, सकाळची वाट बघायची नाही.

जोशी काका: आमच्या आजोबांच्या वेळी कुठे होती सोनोग्राफी, तरी जगले ना माणसं. तुम्हा लोकांना घरगुती म्हटलं की खटकतंच.

देशपांडे काकू: काका, कारल्याच्या ज्यूसच्या वेळी मी गप्प बसले होते. या वेळी घरात ८१ वर्षांचं माणूस आहे.

पाटील: टाकी कधी धुणार? शेवटची दिवाळीआधी धुतली होती.

स्नेहल: आमच्या विंगमधल्या त्या मुलाला पावसाळ्यात कावीळ झाली होती, ती पण खड्यांची का मग? त्याच्या आजीने तर माळ बांधून घेतली होती कुठूनतरी

साने बाई: नाही गं, ती बहुतेक पाण्यातून आलेली. हिपॅटायटिस ए आणि ई दूषित पाण्यातून पसरतात, यकृताच्या पेशींनाच सूज येते. खड्यात नळी तुंबते. डोळे दोन्हीत पिवळे, कारण जुन्या लाल पेशी मोडल्या की बिलिरुबिन तयार होतं, ते यकृताने पित्तातून बाहेर टाकायचं असतं आणि तिथेच अडतं. नळी पूर्ण तुंबली तर शौच मातकट पांढरी आणि लघवी गडद होते. माळेचा याच्याशी काही संबंध नाही, ए आणि ई बहुतेकांचं आपोआप बरं होतं आणि श्रेय माळेला जातं.

पाटील: दूषित पाणी. वाचलंत सेक्रेटरी? टाकी कधी धुणार???

देशपांडे काकू: बाई, सासूबाई विचारतायत, डॉक्टर पिशवी काढा म्हणाले तर पुढे जेवण पचणार कसं

साने बाई: त्यांना सांगा, पित्त यकृत बनवतच राहतं, दिवसाला अर्धा ते एक लिटर. साठायला जागा नसल्यामुळे ते थेट थोडं थोडं आतड्यात उतरतं. सुरुवातीला काहींना तुपकट खाल्लं की जुलाब होतात, बहुतेकांचं हळूहळू बसतं. पित्तातले ९५ टक्के क्षार लहान आतड्याच्या शेवटी शोषले जाऊन पुन्हा यकृतात येतात, शरीर वाया घालवत नाही काही. काढायची की नाही ते सर्जन बघतील, मी संध्याकाळी येते त्यांच्याशी बोलायला.

जोशी काका: मेसेज काढलाय. मेव्हण्याला पण सोनोग्राफी करायला सांगतो, तुम्ही म्हणताय तर.

देशपांडे काकू: 🙏

सेक्रेटरी: टाकी रविवारी धुऊन घेतो. सकाळी ९ ते २ पाणी बंद.

पाटील: कुठल्या रविवारी ते पण लिहा.