डायपरची लाली तीन आठवडे जाईना, मदत हवी आहे

टिळकवाडीची_आई: क्रीम झाली, पावडर झाली, डायपरची कंपनी बदलून झाली. दोन दिवस कमी होतंय, परत येतंय. शू झाली की पोरगी रडालीय. लवकर सांगा ओ.

खानापूरकर: पावडर पहिली बंद करा. ओल लागली की घड्यांत गोळे होऊन घासते, उडाली तर नाकात जाते. पोरगी केवढी? क्रीम कुठली?

निपाणीची_काकू: डायपरच काढून टाका. जुन्या सुती साडीचे लंगोट घाला.

खानापूरकर: काकू, या पावसात लंगोट वाळतात कुठं? दमट लंगोट डायपरपेक्षा वाईट.

निपाणीची_काकू: इस्त्री फिरवायची की! साबण मात्र तीन पाण्यांनी काढायचा.

वॉर्डातली_ताई: लाली जांघेच्या घड्यांत आहे, की घड्या मोकळ्या आणि फुगीर भागावरच? कडेला सुटे लाल ठिपके? मध्ये अँटिबायोटिक झालं होतं का?

टिळकवाडीची_आई: सव्वा वर्षाची. घड्यांतच जास्त, ठिपके आहेत. कानासाठी पाच दिवस अँटिबायोटिक झालं, जुलाबपण. ट्यूबवर बीटामेथासोन, जेंटामायसिन, क्लोट्रिमॅझोल लिहिलंय. मेडिकलमधून आणलेली.

वॉर्डातली_ताई: हे कँडिडाचं, म्हणजे बुरशीचं वाटतंय. अँटिबायोटिकनंतर बऱ्याचदा होतं. बीटामेथासोन हे स्टेरॉईड. लाली दबते, बुरशी राहते, म्हणून दोन दिवसांचा खेळ. डायपरखाली ते जास्त शोषलं जातं, कातडी पातळ होते. तीन आठवडे झालेत, डॉक्टरांना ती ट्यूबच नेऊन दाखवा. बहुतेक वेळा नुसती 1 टक्का क्लोट्रिमॅझोल, म्हणजे बुरशीवरची क्रीम देतात. दिवसातून दोनदा पातळ थर, आणि लाली गेली तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

ती मुरली की वरून झिंक ऑक्साईडचं क्रीम, भाकरीवर लोणी फासतात तेवढं जाड. डायपर बदलताना ते खरवडू नका. शी लागलेला वरचा थर तेवढा कोमट पाण्याच्या कापसानं टिपा. वासाचे वाइप्स नकोत. नंतर दहा-पंधरा मिनिटं उघडं ठेवा.

शहापूरचा_दादा: सव्वा वर्षाची म्हणजे आता पॉटीवर बसवायची सवय लावा.

खानापूरकर: ते कुणी विचारलंय का?

निपाणीची_काकू: खोबरेल कुणीच सांगितलं नाही.

वॉर्डातली_ताई: बुरशी खोबरेलानं जाणार नाही, काकू.

टिळकवाडीची_आई: रात्री उठवून बदलू काय?

वॉर्डातली_ताई: शी केली तर लगेच. नुसत्या शूसाठी झोपमोड नको, झोपवतानाच झिंक जाड लावा. दिवसा दोन-तीन तासांनी बदला. पाण्याचे फोड, पू, मधासारखी पिवळी खपली किंवा ताप आला तर थांबू नका. आणि तोंडात बघा, जिभेवर गालाच्या आत पांढरं काही?

टिळकवाडीची_आई: आहे की. दुधाचं समजून पुसत होते, निघेना.

वॉर्डातली_ताई: मग आजच दाखवा. तीच बुरशी तोंडातही असावी, तोंडाचं औषध वेगळं लागतं.